रोवणीच्या दिवसांतलं गवत

खडा उडाला तेव्हा अलकनंदा फोनवर कुणाशी तरी भांडत होती. त्यामुळे तो उडताना तिला दिसला नाही. तिला आधी 'टक्' असा आवाज ऐकू आला, आणि पाठोपाठ ओल्या मुरमावरून मोटारसायकल फरपटत थांबल्याचा.

"बंद कर! हिरालाल, बंद कर ती मशीन!"

लालबर्रा रोडवरच्या एका राईस मिलच्या ऑफिससमोर, रस्त्याला लागून असलेल्या उतारावर तिचं गवत कापण्याचं काम चाललं होतं. हिरालालनं खांद्यावरचा कटर बंद केला आणि तो तोंड उघडं टाकून रस्त्याकडे पाहत राहिला. अलकनंदा उतारावरून अर्धी धावत, अर्धी घसरत खाली आली. येतानाच तिनं ठरवून टाकलं होतं, समोरच्याला आधी बोलू द्यायचं नाही.

"इथं बोर्ड लावला आहे, काम चालू आहे म्हणून! तुमी एवढ्या जोरात..."

"बोर्ड पडला आहे," मोटारसायकलवाला म्हणाला.

खरंच पडला होता. ओल्या गवतात पालथा.

त्यानं सावकाश हेल्मेट काढलं. समोरच्या काचेवर चांदणीसारखा तडा गेला होता. काच नसती तर तो खडा बरोबर उजव्या डोळ्यात गेला असता, हे दोघांच्याही एकदमच लक्षात आलं. अलकनंदाचा चढलेला आवाज एकदम खाली आला.

"लागलं तर नाही ना?"

"मले नाही लागलं." त्यानं मान वर करून हिरालालकडे पाहिलं. "माझ्या डोळ्यापुढं काच होती. त्याच्या डोळ्यापुढं काय आहे?"

"तुमी कोण? लेबर ऑफिसातून आले का?"

"नाही. मी विमा विकतो."

"अरे बाप्पा..." तिच्या तोंडून निघून गेलं, "म्हणजे त्याच्याहून वाईट!"

आणि तो हसला. दात दिसतील असं, अगदी मोकळं. आत्ताच डोळा वाचलेल्या माणसानं इतकं छान हसू नये, असं अलकनंदाला वाटलं, आणि आपल्याला असं काही वाटतंय याचा तिला रागही आला. काचेचे पैसे देते म्हणाली, तर त्यानं मान हलवली. गवतातला बोर्ड उचलला, पुसला, दोन दगडांच्या आधारानं नीट उभा केला आणि खिशातलं कार्ड तिच्या हातात ठेवलं. अनिश बोरकर.

"पैसे नको. कधी गरज पडली तर फोन करा."

"नाही पडणार."

"बरं," तो म्हणाला, आणि फुटक्या काचेचं हेल्मेट घालून लालबर्र्याकडे निघून गेला. आषाढातली भुरभुर सुरू झाली होती. वळणावर दिसेनासा होईपर्यंत ती तिथंच उभी राहिली. फोनमधला माणूस केव्हाचा 'हॅलो, हॅलो' करत होता.

अलकनंदा पाठक हे नाव बालाघाटात आता बऱ्याच जणांना माहीत झालं होतं. अधिकाऱ्यांचे बंगले, मिलची ऑफिसं, एक-दोन शाळांची मैदानं आणि लग्नाची लॉन सांभाळण्याचं काम तिनं चार वर्षांपूर्वी सुरू केलं. बालाघाटात 'लॉन' म्हटलं की लोकांना आधी लग्न आठवतं आणि मग गवत. पण मांडवाखालचं गवत हिरवंगार आणि सारखं कापलेलं असावं, हे नवरीच्या बापाला बरोबर समजतं. तिच्याकडे दोन माणसं मशीन चालवायला होती आणि सहा-सात बाया खुरपणी, झाडझूड, माती-खताला. वडील, चिंतामणराव, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी तिला कधी अडवलं नाही. मात्र कुणी विचारलं, "पोरगी काय करते?" की ते म्हणायचे, "तिचं स्वतःचं काम आहे," आणि लगेच पावसापाण्याचा विषय काढायचे. ते अलकनंदाला काट्यासारखं टोचायचं.

तिला एका जागी चैन पडत नसे. चहा उभ्यानं, जेवण घाईत, फोनवर बोलताना अंगणात येरझारा. आई म्हणायची, "हिच्या पायाले भोवरा आहे." आणि हे दिवस तर जीव टांगणीला लावणारेच. पावसात गवत हातभर वाढतं, पण त्याच दिवसांत भाताची रोवणी लागते. शेतवाले मजुरी वाढवतात आणि बाया चिखलात उतरतात. कापायला सगळ्यांत जास्त गवत असतं तेव्हाच कापायला माणूस नसतं. तिनंही मजुरी वाढवली की गिऱ्हाईक तोंड वाकडं करतं. नाही वाढवली की सकाळी कोण येईल आणि कोण नाही, याची धाकधूक. रोज उजाडताच ती दारात उभी राहून रस्त्याकडे बघत राहायची... आल्या का? किती आल्या?

अशातच देवेंद्रभाऊंचं बोलावणं आलं. किरनापूर रोडवर त्यांची दोन मोठी लॉन होती. तुळशीच्या लग्नानंतर एक दिवस रिकामा जात नसे.

"वर्षाचं काम देतो," ते म्हणाले. "पण तुमच्या लोकाईचा विमा पाहिजे. माझ्या जागेवर कोणाले काही झालं, तर माझ्या गळ्यात नको."

ती बाहेर आली. स्कूटीवर बसली. पर्समध्ये तळाशी गेलेलं ते कार्ड शोधून काढलं आणि बराच वेळ नुसतीच हातात धरून राहिली. मग नंबर लावला.

"गरज पडली?" पलीकडून आवाज आला.

"तुमाले कसं समजलं मी आहे?"

"समजलं नाही. रोज नवा नंबर आला का वाटे, तुमीच असाल."

तिनं भेटायची जागा तेवढी सांगितली. कान मात्र गरम झाले.

काली पुतळी चौकाजवळच्या टपरीवर ते भेटले. अनिश बाकड्यावर ऐसपैस बसला, आलूबोंडा मागवला. ती ग्लास हातात धरून समोर उभी. तो मूळचा कटंगीचा. तिथं घरची शेती, आणि बालाघाटात खोली घेऊन राहिलेला.

"आमच्या साहेबाले वाटते का मी तुमाले जीवन विमा विकावा," तो म्हणाला. "त्याच्यात मले बी जास्त भेटते. पण तुमाले तो नको आहे."

"मग काय पाहिजे?"

"कामावर माणसाले काही झालं, तर मालकाले जी भरपाई द्यावी लागते, ती भरून देणारा विमा. काम कोणतं, लोक किती, वर्षाची मजुरी किती, त्याच्यावर हप्ता ठरते. दवाखान्याचा खर्च वेगळा जोडून घ्यावा लागते. आणि दुसरा एक, म्हणजे समजा तुमच्या मशीनचा खडा उडाला आणि रस्त्यानं जाणाऱ्या एखाद्या गरीब माणसाची काच फुटली..."

"त्या गरीब माणसाले मी चाय पाजून राह्यली ना?"

"हौ. आणि आलूबोंडा."

ती हसली, पण डोकं आत आकडेमोड करत होतं. सगळ्यांचा विमा धरला तर तिचा दर वाढत होता. किरनापूर रोडच्या त्याच कामावर गोंदियाचा एक ठेकेदार टपून बसलाय, हे तिला माहीत होतं.

"दोघांचाच काढा. मशीनवाल्यांचा."

"आणि बाया?"

"त्या बसून खुरपतात. त्याईले काय होते?"

अनिशनं ग्लास खाली ठेवला. "सगळ्यांचा काढा, असं मी म्हणीन. पण धंदा तुमचा आहे."

"हौ, माझाच आहे," ती जरा जास्तच जोरात म्हणाली. "आणि हा दर वाढला तर तो बी नाही राहणार."

 त्यानं फक्त एकदा तिच्याकडे पाहिलं. ती नजर तिला दोन दिवस पुरली... आणि छळतही राहिली.

देवेंद्रभाऊंनी विम्याचा कागद पाहिला, त्यावरची नावं मोजली नाहीत, आणि काम मिळालं. आणि मग भेटीही सुरू झाल्या. प्रत्येक भेटीला काही ना काही कारण असायचं. कधी सही राहिलेली, कधी हिरालालसाठी आणलेला डोळ्यांवरचा चष्मा, कधी नुसतंच "इकडून चाललो होतो, म्हटलं पाहून जावं." कटंगीचा माणूस उलट दिशेच्या किरनापूर रोडवरून कुठं चालला होता, हे तिनं कधी विचारलं नाही. एखाद्या दिवशी तो आला नाही की ती हिरालालवर उगीच खेकसायची. रस्त्यावर मोटारसायकलचा आवाज आला की तिची मान आपोआप वळायची. दुधवाला निघाला की ती मान तशीच दुसरीकडे फिरवून आकाश बघायची.

"पाऊस पाहून राह्यली का बाई?" रुख्माबाई विचारायची. बायांमध्ये ती सगळ्यांत मोठी. सगळ्या बाया रोवणीला गेल्या तरी रुख्माबाई यायची, आणि तिला बघून आणखी दोघी-तिघी यायच्या.

एका दुपारी सर आली. लॉनच्या मागच्या पत्र्याच्या शेडखाली दोघं अडकली. पत्र्यावर पाऊस असा वाजत होता की जवळ सरकल्याशिवाय बोलणं ऐकू येत नव्हतं.

"उद्या तिघीच येणार," अलकनंदा म्हणाली. "शेतावर मजुरी अजून वाढली. मी किती वाढवू?"

"रोजीच वाढवली पाहिजे, असं काही आहे का?"

"मग?"

"मले काय माहीत? तुमचा धंदा आहे ना..." तो गालात हसत म्हणाला.

ती फणकाऱ्यानं वळली. दोन पावलं चालली आणि थबकली. मग शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझारा घालत बोलू लागली. गवत नसतं तेव्हा ती बायांना बोलवतच नव्हती. उन्हाळ्यात त्या रिकाम्या. मग पावसाळ्यात त्यांनी हिच्यासाठी का थांबावं? पण उन्हाळ्यात पाणी द्यायचं असतं, हिवाळ्यात खत, करपलेल्या जागी नवं गवत लावायचं. काम बारा महिने पसरवता आलं तर? बायांना रोजी न देता महिना बांधून दिला तर? आणि गिऱ्हाइकाकडूनही कापणीमागे पैसे न घेता महिन्याचेच घ्यायचे... रोवणीत त्यांना चार दिवस सुट्टी, आळीपाळीनं, म्हणजे घरचं शेत पण होईल...

"जमते! अनिश, हे जमते!"

तिनं पहिल्यांदाच त्याचं नाव घेतलं होतं. पावसाच्या आवाजातही दोघांना ते स्पष्ट ऐकू आलं.

"काय पाहून राह्यला?" तिनं विचारलं.

"तुले हिशोब सुचला का तू केस मागं सारते. डाव्या हातानं. हिशोब चुकला का उजव्या हातानं."

"खोटं!"

"आता डावाच आहे. पाहून घे."

तिचा हात खरंच कानामागे होता. तो तिथून काढावा की ठेवावा, तिला कळेना. 

"अलका," तो म्हणाला. मग थांबला. "मले तुले एक सांगाचं होतं..."

"सांग ना."

तेवढ्यात मंचाच्या बाजूनं हिरालालची हाक आली. नुसती हाक नव्हती ती, किंकाळी होती. "दीदीऽऽ!"

सर ओसरायची वाट न बघता गवताचा भारा डोक्यावर घेऊन रुख्माबाई मंचाच्या पायऱ्या उतरत होती. पायऱ्यांवर शेवाळ धरलं होतं. पाय सटकला आणि ती भाऱ्यासकट खालच्या फरशीवर आदळली. अलकनंदा पोचली तेव्हा ती उठून बसायचा प्रयत्न करत होती, आणि तिचा डावा हात जिथं वाकायला नको तिथं वाकला होता.

"काही नाही झालं बाई," ती म्हणत होती. "काही नाही झालं..." ओठ पांढरेफटक पडले होते.

बालाघाटच्या दवाखान्यात डॉक्टरांनी एक्स-रे पाहून सांगितलं, हाड दोन जागी मोडलंय, ऑपरेशन करून आत धातूची पट्टी बसवावी लागेल, गोंदियाला न्या. अलकनंदा व्हरांड्यात आली. अनिश भिंतीला टेकून उभा होता. त्याच्या शर्टाला रुख्माबाईच्या अंगावरचा चिखल लागला होता.

"अनिश, तिचं नाव टाक त्याच्यात."

"टाकतो. आजपासून सगळ्यांचंच टाकू."

"आजपासून नाही. मागच्या तारखेनं. कालची टाक, परवाची टाक. कोणाले समजते?"

तो शर्टावरचा चिखल नखानं खरवडू लागला.

"म्हातारी बाई आहे, अनिश. तिच्यासाठी मागून राह्यली मी, माझ्यासाठी नाही."

"मले माहीत आहे." त्याचा आवाज खाली गेला. "पण नाही जमणार. हे खोटं आहे, अलका. उद्या कोणी विचारलं तर तू बी अडकशील आणि मी बी. रुख्माबाईले तर काहीच नाही भेटणार."

"म्हणजे नाही करणार?"

"नाही."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते त्याला दिसू नये म्हणून तिनं जे तोंडाला आलं ते बोलून टाकलं. "मग एवढे दिवस माझ्या मागं मागं कशाले फिरत होता? हप्त्यासाठीच ना?"

अनिशनं मान खाली घातली. इतकंच म्हणाला, "गाडी बोलावतो. गोंदियाले निघा लवकर."

गाडी त्यानंच आणली, रुख्माबाईला त्यानंच उचलून बसवलं. अलकनंदानं गाडीचं दार लावून घेतलं, आणि रस्ताभर एकदाही मागं पाहिलं नाही. नदीच्या पुलावर मात्र तिला वाटलं, गाडी थांबवावी, उतरावं, परत जावं... काय बोलायला, ते कळत नव्हतं.

तिनं उन्हाळ्यात हौसेनं एक मोठी मशीन घेतली होती, बसून चालवायची. ती गोंदियाच्या एका नर्सरीवाल्यानं दोन दिवसांत विकत घेतली. त्यातून ऑपरेशन झालं. बरी होईपर्यंत रुख्माबाईची मजुरी चालू राहील, असंही अलकनंदानं तिच्या घरी जाऊन सांगितलं. हे सगळं करूनही मन थाऱ्यावर येईना. विम्याला नाही म्हणताना आपण काय बोललो होतो, ते राहून राहून कानात वाजायचं. 'त्याईले काय होते?' एवढंच.

बालाघाटहून त्याच गाडीतून वडीलही तिच्यासोबत गोंदियाच्या दवाखान्यात येऊन बसले होते. तिथं त्यांच्या खात्यातले कुणी जुने ओळखीचे भेटले आणि विचारलं, "इकडे कसे?"

"माझ्या पोरीची गवताची, बगिच्यांची कामं आहेत," चिंतामणराव म्हणाले. "तिची एक कामगार पडली. तिले घेऊन आलो." आणि या वेळी त्यांनी पावसाचा विषय काढला नाही.

ते गृहस्थ गेल्यावर अलकनंदा हळूच म्हणाली, "बाबा, विमा काढला नव्हता मी तिचा. दर वाढते म्हणून."

"समजलं मले."

"तुमी रागावले नाही?"

"तू रागावून राह्यली ना स्वतःवर. दोघांनी कशाले रागवावं?" मग चष्मा पुसत म्हणाले, "तो पोरगा चांगला वाटला, गाडी आणणारा. कोणाचा आहे?"

 ती उठून व्हरांड्याच्या टोकापर्यंत चालत गेली, आणि परत आली.

अनिशचा फोन येत नव्हता. तिनंही केला नाही. रोज सकाळी ती कामं वाटून द्यायची, एका लॉनवरून दुसऱ्यावर पळायची, आणि कुठंच तिचं चित्त नसायचं. रस्त्यावरचा प्रत्येक आवाज ऐकू यायचा. मान मात्र ती आता हट्टानं वळवत नसे. रुख्माबाई घरी आली तेव्हा अलकनंदा पपई आणि दूध घेऊन तिच्याकडे गेली. खाटेजवळच्या कोनाड्यात सफरचंदं रचून ठेवली होती.

"हे कोणी आणलं?"

"विमेवाला आणते," रुख्माबाई म्हणाली. "एक दिवसाआड येते पोरगा. हात कसा आहे विचारते, पाणी पिते, बसते."

"काय बोलते?"

"काही नाही बोलत माय. तुई गोष्ट मी काढली का खाली पाहते. पण दरवाज्याकडं तोंड करूनच बसते. बाहेर गाडी वाजली का उठून उभा राहते." म्हातारी मिस्कील हसली. "तुमी दोघं बी पाऊस पाहून राह्यले, असं वाटते मले."

अलकनंदा तिथून निघाली ती थेट देवेंद्रभाऊंकडे. रस्ताभर वाक्यं जुळवत गेली आणि दारात पोचेपर्यंत सगळी विसरली. मग जे होतं ते सरळ सांगून टाकलं. यापुढं सगळ्यांचा विमा असेल. बायांना महिना बांधून देणार. त्यामुळे दर वाढेल, आणि पैसे कापणीमागे नाही, महिन्यानं घेणार.

"गोंदियावाला याच्या कितीतरी कमीत करून राह्यला," देवेंद्रभाऊ म्हणाले.

"करत असंल. मले नाही जमणार."

त्यांनी बराच वेळ पेन टेबलावर आपटलं. शेवटी म्हणाले, "मोठं लॉन तुमी ठेवा. छोटं मी त्याले देतो."

अर्धं काम गेलं होतं. तरी बाहेर येताना तिला हलकं वाटत होतं. पावसानंतर आभाळ जरासं उघडावं, तसं. नवा दर ऐकून दोन बंगले सुटले, मिलवाल्यानं मात्र कुरकुरत का होईना, होकार दिला. आणि महिना बांधून मिळणार, हे कळल्यावर रोवणीला गेलेल्या तिघी स्वतःहून विचारायला आल्या. पोळा झाला. गवताचा जोर ओसरायला लागला. कित्येक दिवसांत पहिल्यांदा तिच्याकडे माणसं पुरत होती.

आता एकच काम राहिलं होतं.

अनिशचं ऑफिस एका कपड्याच्या दुकानावर, अरुंद जिन्यानं वर. ती पोचली तेव्हा तो खाली रस्त्यावर मोटारसायकल पुसत होता. तिला पाहून हातातलं फडकं तसंच राहिलं.

"रुख्माबाई बरी आहे ना?" त्यानं घाईनं विचारलं.

"बरी आहे. सफरचंदं संपली, म्हणून सांगितलं तिनं."

तो हसला नाही. ती समोर आली. पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळत, सोडत, पुन्हा गुंडाळत उभी राहिली.

"त्या दिवशी मी जे बोलली..."

"राहू दे, अलका."

"नाही, ऐक. हप्त्यासाठी फिरतो, असं म्हटलं मी. मले माहीत होतं ते खोटं आहे. बोलतानाच माहीत होतं. आणि तू तारीख टाकली असती ना, तर... तर तेव्हा बरं वाटलं असतं मले. पण नंतर मी तुझ्याकडं कधी सरळ पाहू शकली नसती."

दुकानासमोरून एक बैलगाडी गेली, तिच्यामागे अडकलेल्या गाड्या हॉर्न वाजवत राहिल्या. 

"मी बी फोन करणार होतो," अनिश म्हणाला. "रोज. मग वाटे, तुले वाटंल बाकीच्या लोकाईचा विमा विकाले आला. म्हणून थांबलो." मग जरा चाचरत त्यानं विचारलं, "आता... सगळ्यांचा काढाचा का? कागदं काढून ठेवलेत मी."

"काढला."

"काढला?"

"हौ. सगळ्यांचा. दवाखान्याच्या खर्चासकट."

"कोणाकडून?"

"किरनापूरले प्रियंका म्हणून एक मॅडम आहेत. त्याईच्याकडून."

अनिशचा चेहरा असा पडला की तिला हसू आवरेना. त्यानं फडक्याची घडी केली, पुन्हा उलगडली. "बरं केलं," तो म्हणाला. "चांगल्या आहेत त्या. काम नीट करतात..." आणि मग अगदी हळू, "म्हणजे आता माझं तुझ्याकडं काही कामच नाही राह्यलं."

"नाही राह्यलं."

"सही नाही, कागद नाही... काहीच नाही."

"काहीच नाही." तिनं पट्टा सोडून दिला. नजर मात्र हटवली नाही. "म्हणूनच तिच्याकडून काढला, बुद्धू. आता तू आला तर कोणी म्हणणार नाही का हप्त्यासाठी आला. मी बी नाही म्हणणार. बिनाकामाचा ये, अनिश. मले तू बिनाकामाचाच पाहिजे."

 तो कानापर्यंत लाल झाला. फडकं गाडीच्या सीटवर पडलं, तिथून घसरून रस्त्यावरच्या चिखलात गेलं. कुणीच ते उचललं नाही.

"त्या दिवशी शेडखाली," तो म्हणाला, "मले जे सांगाचं होतं ना... ते हेच होतं. पण मी एवढं चांगलं नसतं सांगितलं."

"तरी सांग."

"इथं? बाजारात?"

"हौ, इथं."

त्यानं आजूबाजूला पाहिलं. कपड्याच्या दुकानातला शेठ काउंटरवर कोपरं टेकून उघडपणे ऐकत होता. अनिश तिच्या कानाजवळ वाकला आणि सांगितलं. दोन-तीनच शब्द होते. शेठला काही ते ऐकू आले नाहीत.

"उद्या येऊ घरी?" मग त्यानं विचारलं. "तुझ्या बाबाले भेटाले?"

अलकनंदानं त्याच्या मोटारसायकलच्या आरशावर लटकवलेलं हेल्मेट काढून त्याच्या हातात दिलं.

"उद्या कशाले?" ती म्हणाली. "आज तुले काय काम आहे?"